वेदीच्या पाठीची भिंत

१

"पोरीला त्या भिंतीशी निजवू नको. ती भिंत श्वास घेते."

हिलरी अंकलनी हे सांगितलं तेव्हा मी टेप घेऊन पलंग कुठे बसेल ते मोजत होते. एव्हरशाईन सिटीतली आमची इमारत पुनर्बांधणीसाठी पाडायला घेतली होती. तोवर वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्यांमधल्या या गावात आम्हाला भाड्याची जागा मिळाली होती. हिलरी अंकलचं घर गावच्या चॅपलच्या पाठीला चिकटून होतं. इतकं चिकटून, की चॅपलची मागची भिंत हीच घराचीही एक भिंत. घराच्या एका अर्ध्यात ते एकटे राहायचे, दुसऱ्या अर्ध्यात मी, विपुल आणि चार वर्षांची पूर्वी.

"ओल येते का, अंकल?" मी विचारलं.

"ओल नाय गं. श्वास." एवढं म्हणून ते संध्याकाळची घंटा वाजवायला निघून गेले.

रात्री जेवताना मी विपुलला म्हटलं, म्हातारा एकटा राहून राहून भिंतीशी बोलायला लागलाय. विपुल हसला, मीही हसले. पलंग त्याच भिंतीशी लावला.

चॅपलची किल्ली आणि घंटा अंकलकडे. पूर्वी त्यांना घंटाआजोबा म्हणायची. पहाटेच्या घंटेवर माझा दूध तापवायचा हिशेब बसला होता. मे महिन्यातला क्रुसाचा सण जवळ आला तशी चॅपलमधली जुनी लाकडी वेदी जागेवरच पॉलिश करायला घेतली आणि चॅपल दोन दिवस बंद ठेवलं. पण घंटा बाहेरच्या कमानीत, ती वाजायचीच.

त्या सकाळी ती वाजली नाही.

मी पूर्वीला कडेवर घेऊन बाहेर आले, तर समोरच्या घरातून अंकलचा भाचा युजीन आधीच येऊन त्यांचं दार ठोठावत होता. उत्तर आलं नाही. त्यानं खांदा मारून कडी तोडली. डासांमुळे अंकल खिडक्या लावून झोपत. आत पंखा फिरत होता आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशीवर थोडी उलटी.

खोलीत सुक्या मासळीसारखा, लसणासारखा उग्र वास होता. "बोंबलांची टोपली आहे पलंगाखाली," कोणीतरी म्हणालं. वसईत उन्हाळ्यात अशा वासाकडे कोण बघतं?

गावातले डॉक्टर फेबियन आले. "झोपेत हार्ट गेलं. वय झालं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. बायांनी प्रार्थना सुरू केली. चॅपलची दारं सताड उघडी होती आणि उदाचा दाट धूर अंगणात येत होता. चॅपल बंद होतं ना, असं मनात आलं आणि गेलं.

कारण मी दुसरंच काही बघत होते. अंकलच्या पलंगाशेजारी चॅपलच्या भिंतीत एक खोल कोनाडा होता, त्यावर फुलाफुलांचा पडदा. पडद्याखाली एक पाल उताणी पडली होती. तिच्याजवळ आणखी एक. आणि मुंग्यांची अख्खी रांग, जागच्या जागी थांबलेली.

पालीला हार्ट अटॅक येतो का?

२

हे मी कोणाला बोलले नाही. मयताच्या घरात पालीचं काय बोलायचं?

दफन झालं. दोन-तीन दिवसांनी बाया अंकलची खोली आवरायला आल्या. दार उघडं, सगळ्यांची ये-जा चालू. पूर्वी तिथंच घुटमळत होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, आणि एकदम लक्षात आलं की तिचा आवाज येत नाही.

आई झालेल्या बाईला आवाजापेक्षा आवाज नसण्याचीच जास्त भीती असते. मी हाका मारत आत गेले. ती कोनाड्याच्या पडद्याआडून बाहेर आली. चेहरा पांढरा. "आई, डोकं दुखतंय," म्हणाली आणि माझ्या पायांवर ओकली. मग तिचे गुडघेच वाकले.

रिक्षात तिचा श्वास मी गालावर मोजत होते. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. विपुल ऑफिसातून धावत आला. "उन्हाळा आहे, काहीतरी खाण्यात आलं असेल," तिथले डॉक्टर म्हणाले. फेबियन डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं.

तिनं काहीच खाल्लं नव्हतं. सकाळपासून मी तिच्या मागे वाटी घेऊन फिरत होते.

संध्याकाळी ती थोडी सावरली. तिचे केस विंचरताना माझ्या हाताला पांढरी भुकटी लागली. डोक्याच्या फक्त मागच्या बाजूला. जुन्या भिंतीचा चुना.

"कुठे लपली होतीस गं?"

"घंटाआजोबांच्या कपाटात. तिथे गार वारा येतो."

"गार वारा कुठून येईल बाळा? भिंत आहे ती."

"येतो," ती झोपेत म्हणाली. "घाण वास पण येतो."

३

विपुल म्हणाला, तुळिंजला ताईकडे जाऊ सगळे, झालं. मी त्याला पूर्वीला घेऊन जायला सांगितलं आणि सामान बांधायच्या निमित्तानं मागे राहिले. घर सोडणं सोपं होतं. पण तिला काय झालं तेच कळलं नाही, तर मी कुठल्या गोष्टीपासून तिला लांब ठेवणार होते? दूध, पाणी, बाहुली, सगळ्याचीच भीती वाटत होती. डॉक्टरांना तरी काय सांगणार होते?

एकाच खोलीत एक माणूस मेला आणि माझं मूल मरता मरता वाचलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. कोणीतरी काहीतरी केलं होतं.

पहिला संशय मार्कवर. मार्क बांधकामाची कामं घ्यायचा. जुनं चॅपल पाडून मोठं बांधावं म्हणून त्यानं नकाशेही काढले होते आणि अंकल आडवे आले होते. मी त्याला कमानीखाली गाठलं.

"मॅडम, म्हातारा मला आडवा येत होता हे अख्ख्या गावाला माहीत आहे," तो स्कूटरवरूनच म्हणाला. "म्हणून मी त्याला मारीन? त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गाडी मीच नेली होती. येताना पूर्ण रस्ता मला शिव्या देत आला."

"मी कुठे म्हटलं मारलं?"

"तोंडावर लिहिलंय तुमच्या."

मी विषय बदलला. "चॅपल किती जुनं आहे हो?"

तो खूश झाला. "ही कमान, पुढचा भाग, हे सगळं नंतरचं. मूळ चॅपल म्हणजे फक्त वेदीची खोली. लोक बाहेर मांडवात बसायचे. दगड-चुना, दोन हात जाड. पाठीची भिंत तर भरीव. तोफ लावा, हलणार नाही."

"आणि बाजूच्या खिडक्या?"

"त्या माझ्या बापानं भिंत फोडून केल्या. त्याआधी या दोन्ही भिंती सपाट होत्या."

"मग आधी आत उजेड कुठून यायचा?"

मार्कनं डोकं खाजवलं. "दारातून येत असेल," तो म्हणाला आणि स्कूटर चालू केली.

आत युजीन होता. क्रुसाच्या सणाचं यजमानपण दर वर्षी एका घराकडे जातं, त्यामुळे एका घराला ते पिढीतून एकदाच मिळतं. यंदा युजीनच्या घराचं होतं. त्या वर्षी चॅपलमध्ये काही उणं दिसलं, तर लोक ते पुढची पिढी मोठी होईपर्यंत बोलून दाखवतात.

वेदी प्लॅस्टिकनं झाकली होती, कडेनं भिंतीपर्यंत चिकटपट्टी मारलेली. "धूळ बसू नये म्हणून," तो म्हणाला. "पूर्वी कशी आहे, वहिनी?"

"बरी आहे. मामांचं आणि तुमचं भांडण झालं होतं का?"

"मामांचं भांडण कोणाशी नव्हतं? मला म्हणाले, वेदीला कीड लागलीय आणि तू वरून रंग फासतोस. मुलीला पावडर लावून दाखवायला बसवतोस."

"लागलीय कीड?"

"नाही," तो म्हणाला. पण वेदीच्या पायाशी पिवळसर भुशाची छोटी रास होती. तो ती पायानं बाजूला सारत होता.

माझी नजर पितळी मेणबत्तीदानांवर गेली. पुढची लखलखीत. वेदीला लागून असलेली दोन मात्र काळवंडलेली, जणू काजळी धरली होती.

"ती का घासली नाहीत?"

"घासलीत, सगळी एकाच दिवशी, चिंचेनं. माहीत नाही काय झालं. वेदीमागची लाइटची माळपण गेली." तो वैतागला होता.

समोरच्या घरातून त्याच्या बायकोनं हाक मारली, येताना दुकानातून तांदळाची पिशवी आणा. "आणतो," तो ओरडला आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसला. "शेत बिल्डरला दिलं. आता तांदूळपण पिशवीतला."

मी केमिस्ट्रीत पदवी घेतलेली, पूर्वीचा जन्म होईपर्यंत बोईसरच्या एका लॅबमध्ये काम केलेलं. पितळेत तांबं असतं. तारेतही तांबं. एका रात्रीत तांबं खाईल असं काय होतं त्या वेदीमागे?

४

राहिल्या जयवंती काकू. वाडीपलीकडे त्यांचं घर. भाजी, फुलं, केळी आणि थोडं भात अजून करतात. शेवटच्या संध्याकाळी अंकलना जेवण त्यांच्याकडून गेलं होतं.

"केळफुलाची भाजी दिली होती," काकू म्हणाल्या. "तीच मी खाल्ली, ह्यांनी खाल्ली. माझ्या भाजीनं कोण मरत नाही. फार तर दुसऱ्यांदा मागतात."

"तसं नाही काकू."

"तसंच आहे. बस. तोंड बघ तुझं, जेवलीस का? थांब, पोरीच्या पेजेला जुना तांदूळ देते."

त्या सूप आणायला गेल्या. माजघरात दोन कोठ्या होत्या. त्यांचा त्रास वाचवावा म्हणून मी जवळच्या कोठीचं झाकण उचललं.

आणि तोच वास. सुकी मासळी, लसूण. अंकलच्या खोलीतला.

काकूंनी मागून येऊन मला दंडाला धरून ओढलं आणि झाकण दाणकन बंद केलं. "अगं बाई, ती नाही, ती कालच बंद केली. गोळ्या आहेत त्यात, किड्याच्या. त्यांचा वास घ्यायचा नसतो. कोठी उघडली की आम्ही दिवसभर माजघरात पाऊल टाकत नाही."

मी अंगणात जाऊन मोठमोठे श्वास घेतले. तांदळाच्या गोळ्या. हवेतल्या दमटपणानं त्यांतून वायू सुटतो. किडा मरतो, पाल मरते, माणूसही मरतो. तांबं काळं पडतं.

"काकू, या गोळ्या कोणाला दिल्यात?"

"मागायला कोण येत नाही? मार्कनं नेल्या, त्याची कोठी आहे. युजीननं नेल्या."

"युजीन तांदूळ दुकानातून आणतो."

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

५

पण चॅपल एका बाजूला आणि खोली दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन हात दगड. युजीननं गोळ्या वेदीत ठेवल्या असतील, तरी अंकल कसे मेले? मी काकूंना घेऊन घरी धावले. माझ्याच खोलीतला पलंग आम्ही दोघींनी ओढून बाजूला केला आणि मी बत्त्यानं भिंत ठोकत गेले.

दगड. दगड. दगड. मग एका जागी आवाज बदलला. उंबऱ्याएवढ्या रुंदीचा तुकडा, विटांचा, वर सिमेंट.

"इथे पण असाच कोनाडा होता," काकू म्हणाल्या. "भाडेकरू ठेवायचे म्हणून हिलरीनं बुजवून घेतला."

आमच्या खोलीत एक, त्यांच्या खोलीत एक. दोन्हींच्या बरोबर मध्ये, पलीकडे, वेदीवरचा क्रूस.

ते कोनाडे नव्हतेच. त्या खिडक्या होत्या. बाजूच्या भिंती सपाट असताना जुन्या गवंड्यांनी वेदीच्या दोन अंगांना दोन खिडक्या ठेवल्या होत्या. पुढे अंकलच्या पूर्वजांना चॅपलला टेकून घर बांधू दिलं, तेव्हा पलीकडून वेदीच्या मागची उंच लाकडी फळी आली आणि अलीकडून खिडकीची दारं लावून त्यांवर चुना फासला गेला. गाव ते विसरलं. अंकलना एवढंच माहीत होतं, की सणाच्या दिवशी त्यांच्या कोनाड्यातून उदाचा वास येतो. त्यालाच ते श्वास म्हणत होते. आणि युजीननं पुढून प्लॅस्टिक लावून चिकटपट्टी मारली, वायू चॅपलमध्ये येऊ नये म्हणून. त्याला जायला एकच वाट उरली.

तेवढ्यात पार्टिशनपलीकडून खोकला ऐकू आला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. अंकलची खोली रिकामी होती.

"ब्रिजीत," काकू कुजबुजल्या. "युजीनच्या घरात सणाची गडबड. म्हातारी भावाच्या खाटेवर पडायला आली असणार."

ब्रिजीत बाय. अंकलची बहीण. युजीनची आई.

तुटक्या कडीचं दार तिनं आतून खुर्ची लावून बंद केलं होतं. मी ओढणी ओली करून तोंडावर बांधली. तिचा काही उपयोग नाही हे मला कळत होतं, तरी बांधली. खांद्यानं दार ढकललं, श्वास रोखला आणि आत शिरले. वास डोळ्यांत गेला. ब्रिजीत बाय तोंड उघडं टाकून पडली होती, ओठ राखाडी. काकूंनी चादरीची दोन टोकं धरली, दोन मी. ती पापणीसुद्धा हलवत नव्हती. दारापर्यंतची ती जमीन संपेना. माझ्या मनात एकच होतं, हा माझा श्वास सुटला तर पूर्वी आईविना वाढेल.

आम्ही तिघी अंगणात एकमेकींवर कोसळलो.

६

या वेळी फेबियन डॉक्टरांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. ते स्वतः रुग्णवाहिकेत बसले आणि काय वायू असावा ते हॉस्पिटलला वाटेतूनच कळवलं. तिथं पोचल्यावर मला म्हणाले, "मी हिलरीच्या पालीकडे बघितलं नाही. तुम्ही बघितलं."

ब्रिजीत बाय तीन दिवस तिथे होती. वाचली.

युजीन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसला होता. मार्क त्याच्या शेजारी उभा. मी समोर बसले.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हटलं. "घंटा वाजली नाही तेव्हा तुम्ही चॅपलची दारं उघडून ऊद जाळला. चॅपल बंद असताना."

"कामासाठी किल्ली माझ्याकडे होती. घंटा नाही म्हणून मी चॅपलमध्ये बघायला गेलो. मामा नव्हते. आत वास होता थोडा. मग मनात आलं, मामांकडे तर नाही ना गेलं." तो फरशीकडे बघत होता. "पण भिंत भरीव आहे, असं सगळेच म्हणतात. हा मार्क म्हणतो."

मार्कनं तोंड फिरवलं.

"मग डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी डॉक्टरांचं ऐकलं, वहिनी. मला ते ऐकायचंच होतं. दफन झालं आणि वेदीतून परत भुसा पडला. सण तोंडावर. लोक म्हणाले असते, युजीनच्या वर्षी वेदी कोसळली. मी परत गोळ्या ठेवल्या."

"पूर्वी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा?"

तो फरशीवरची रेघ बोटानं पुसत राहिला.

"तेव्हा काढायला गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "प्लॅस्टिकला हात लावला. मग वाटलं, पोर आहे, काहीतरी खाल्लं असेल. तुमचे डॉक्टरपण तेच म्हणाले ना."

मला त्याला मारावंसं वाटलं. आतून नर्सनं हाक मारली, ब्रिजीत बाय शुद्धीवर येतेय, मुलाला विचारतेय. तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्याला आत जाता येईना. पोलीस आले तेव्हाही तो तसाच उभा होता.

मार्कनं आणि गावच्या माणसांनी, सगळं हवेशीर करून, मग वेदीची फळी काढली. मागे दोन खिडक्या होत्या, सागवानी गज अजून शाबूत. एक आमच्या बाजूच्या विटांनी बंद. दुसरीत नुसत्या दोन पातळ फळ्या, आणि त्यांच्या फटीतून अंकलचा फुलाफुलांचा पडदा हलताना दिसत होता. मार्कनं चॅपलच्या नव्या नकाशाचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन्ही खिडक्या मोकळ्या ठेवायच्या असं ठरलंय म्हणतात. सण त्या वर्षी झाला नाही.

आम्ही आता विरारला राहतो. पूर्वी बरी आहे, शाळेत जाते. मी मात्र रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरते.

परवा आमच्या मजल्यावरच्या एका घरात ढेकणांचं औषध ठेवलं. घरच्यांनी दाराच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या आणि गावाला गेले. त्यांच्या पलीकडच्या घरात एक आजोबा एकटे असतात. मी जाऊन बेल वाजवली. उघडेनात. मी बेलवरचं बोट काढलं नाही.

"काय पाहिजे?" त्यांनी दार उघडलं तेव्हा बनियनवर होते, चिडलेले.

"काही नाही. तुम्ही आहात ना, ते बघायला आले."

"आहे की. जातो कुठे?" म्हणाले, आणि मग माझं तोंड बघून त्यांनी दार पूर्ण उघडलं. औषधाचं सांगितलं तेव्हा निमूटपणे चप्पल घालून आमच्याकडे आले आणि मी शेजाऱ्यांना फोन करून त्यांचं घर उघडून हवेशीर करून घेईपर्यंत पूर्वीशी पत्ते खेळले.

तुमच्याही भिंतीपलीकडे कोणीतरी एकटं झोपत असेल. शेजारच्या बंद घरात कीड मारायचं काही ठेवलं असेल आणि ते सांगायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसेल. एवढं वाचलंत, आता उठा आणि त्यांचं दार वाजवा. उघडलं तर काहीही कारण सांगा, साखर मागा. उघडलं नाही, तर झोपले असतील असं म्हणून परत फिरू नका.